गोड मक्याचे पंचाहत्तर दिवस

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. जबलपूरच्या आमच्या शाखेतील दुपारची गर्दी ओसरल्यावर पाटण तहसिलीतील एक शेतकरी खातेदार माझ्या टेबलासमोर येऊन बसले. खिशातून बियाण्याचे रिकामे पाकीट काढून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, ‘‘साहब, इस पर पचहत्तर दिन लिखा है। पचहत्तर तो हो गए।’’

पाकीट गोड मक्याचे, म्हणजे स्वीट कॉर्नचे होते. धान काढून झाल्यावर 25 नोव्हेंबरला त्यांनी एक एकरात ते बियाणे टोकले होते. त्यासाठीची रक्कम किसान क्रेडिट कार्डातून आमच्याच शाखेने दिली होती आणि कृषी अधिकारी या नात्याने त्या प्रस्तावावर माझी सही होती. शहरातील एका केटररला फेब्रुवारीच्या मध्यापासून लग्नांसाठी कणसे पुरवण्याचा शब्द त्यांनी दिला होता. हिशेब सरळ होता. नोव्हेंबरच्या 25 तारखेत पंचाहत्तर दिवस मिळवले की 8 फेब्रुवारी येते. तो त्यांनी केला, केटररने मान्य केला आणि, कबूल करावयास हवे, मीही तो तपासून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. कणसे तर दूरच, तुरे नुकते कुठे बाहेर पडू लागले होते. ओळींमध्ये जागोजागी खंड होते, कारण निम्मे बी उगवलेच नव्हते. खालची पाने जांभळट पडून वाळली होती. डिसेंबरात सारे शेतच जांभळे दिसू लागले, तेव्हा एका दुकानदाराच्या सल्ल्याने त्यांनी डीएपीची आणखी एक मात्रा उधारीवर आणून घातली होती. तिचा काही उपयोग झाला नव्हता. अखेर कणसे हाती आली ती 18 मार्चच्या सुमारास. मार्चच्या मध्याला सूर्य मीन राशीत गेला की त्या भागात खरमास सुरू होतो आणि महिनाभर लग्ने थांबतात. लग्नांसाठी पिकवलेला माल असा नेमका लग्ने थांबल्यावर तयार झाला. तो पोत्यांत भरून मंडईत मिळेल त्या भावाने गेला.

पाकीट खोटे बोलत होते का? त्या दिवशी माझी समजूत तशीच झाली होती. ती दूर केली माझ्या घरमालकांनी.

काकांची वही

जबलपूरला मराठी माणसे पुष्कळ. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून काही घराणी तिथे आहेत. पुढे 1904 मध्ये सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीने आणि नंतर खमरिया व व्हेईकल फॅक्टरीने आणखी कितीतरी कुटुंबे आणून वसवली. माझे घरमालक त्यांपैकीच एक. फॅक्टरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ मापाशिवाय कशावरही विश्वास ठेवीत नसत. आम्ही बिऱ्हाडकरू त्यांना ‘काका’ म्हणत असू आणि ते मला, मी वयाने लहान असूनही, ‘साहेब’च म्हणत. घरामागच्या अंगणात बारा फूट लांब, बारा फूट रुंद अशा वाफ्यात त्यांचा गोड मका असे. वाफ्याच्या कोपऱ्यात मातीत खोचलेला एक थर्मामीटर होता आणि खुंटीला दोऱ्याने बांधलेली एक वही.

पाटणची हकीकत सांगताच काका हसले. ‘‘अहो साहेब, मका दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. तुमच्या बँकेत कसं, तारखा उलटल्या म्हणून खात्यात पैसे येत नाहीत, कुणी भरले तर येतात. तसंच हे.’’

मग त्यांनी वही उघडली. कृषिशास्त्रात ज्याला उष्णता-एकक म्हणतात त्याचा हिशेब तिच्यात होता. तो इतका सोपा आहे की कोणाही वाचकाने घरी करून पाहावा. साधारण 10 अंश सेल्सिअसखाली मक्याची वाढ थांबते. म्हणून दिवसाचे कमाल व किमान तापमान घ्यावे, किमान 10 च्या खाली असल्यास ते 10 धरावे, दोहोंची सरासरी काढावी आणि तीतून 10 वजा करावेत. जे उरते तेवढी त्या दिवशी मक्याच्या खात्यावर जमा. जबलपूरला जानेवारीत दिवसाचे तापमान सरासरी 25 अंशांच्या आसपास असते आणि रात्रीचे 9 ते 10. म्हणजे दिवसाला जमा साडेसात. डिसेंबरात सुमारे आठ, नोव्हेंबरात साडेअकरा, फेब्रुवारीत दहा. ऑक्टोबरात व मार्चमध्ये मात्र प्रत्येकी पंधरा. पाकिटावरचे पंचाहत्तर दिवस हे अशा रोज पंधरा जमा होणाऱ्या हवेतले. एकूण गरज काकांनी 1,100 एकके धरली होती.

आता पाटणचे शेत या हिशेबात बसवून पाहा. नोव्हेंबर 25 ची पेरणी. नोव्हेंबरअखेर जमा 69, डिसेंबरअखेर 317, जानेवारीअखेर 550. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ते खातेदार माझ्याकडे आले तेव्हा, जमेम 630 होते. निम्म्याहून थोडे अधिक, तुरे येण्याइतपत. अकराशेचा आकडा गाठला जातो तो 18 मार्चला. काकांनी वहीत पेन्सिलीने ही बेरीज केली तेव्हा त्यांना शेताची तारीख मी सांगितलेली नव्हती.

हे निव्वळ ढोबळ गणित आहे. ढग, पाणी, वाण यांनुसार त्यात आठवडाभराचा फरक पडणारच. पण पंचाहत्तर दिवसांचे एकशे चौदा का झाले हे त्यातून कळते. बिहारमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला रब्बी मका काढणीला दीडशे दिवस आणि त्याहूनही अधिक घेतो आणि उत्पन्नही चांगले देतो. थंडी मक्याची शत्रू नव्हे, ती त्याला फक्त सावकाश चालवते. अडचण येते ती विक्रीची तारीख आधीच ठरलेली असली म्हणजे.

थंड देशांतील वाट

काकांचा मुलगा कॅनडातील अल्बर्टा प्रांतात नोकरीला होता. त्याच्या पत्रांत थंडीच्या जोडीने टेबर या गावच्या मक्याचे वर्णन असे. त्या प्रांतात टेबरची कणसे आपल्याकडच्या नागपुरी संत्र्यांसारखी गावाच्या नावाने विकली जातात. मे महिना उलटेपर्यंत तिथे जमीन थंड असते आणि सप्टेंबरात पुन्हा दव गोठू लागते. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत सारे उरकायचे. अशा प्रदेशांसाठी लवकर येणारी वाणे निवडून काढण्याचे काम अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे चालले आहे. मॅसॅच्युसेट्समधील एका शेतकऱ्याने जपलेले पिवळ्या दाण्यांचे एक बुटके, लवकर येणारे वाण बर्पी या बियाणे कंपनीने 1902 मध्ये ‘गोल्डन बँटम’ या नावाने बाजारात आणले. तोवर पिवळा मका जनावरांचा, माणसांचा तो पांढरा, अशी तिकडची समजूत होती. ती या वाणाने मोडली.

दुसरी मोठी पायरी 1950 च्या दशकातील. इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांना सुरकुतलेल्या दाण्यांच्या एका मक्यात नेहमीच्या गोड मक्याहूनही कितीतरी अधिक साखर आढळली. आज आपल्याकडे मिळणारी बहुतेक संकरित वाणे या ‘अतिगोड’ कुळातली आहेत. मॉलमध्ये आणि रेल्वे स्थानकांवर कागदी पेल्यात लोणी, मीठ, तिखट घालून मिळतात ते हेच दाणे. (इंदूरचा भुट्ट्याचा कीस मात्र यांचा करू नये. आमच्या घरी एकदा तो प्रयोग झाला आणि कीस न होता शिरा झाला.)

गोडीची किंमत बियाणे मोजते. साध्या मक्याचा दाणा पिठाने टच्च भरलेला असतो. कोंबाला पहिले आठ-दहा दिवस पुरेल एवढी शिदोरी त्यात असते. अतिगोड वाणाचा वाळलेला दाणा मात्र हलका, खोलगट, सुरकुतलेला. शिदोरी तुटपुंजी. साधा मका माती 10-12 अंशांवर असतानाही सावकाश का होईना उगवतो. अतिगोड वाणाला 16 अंशांच्या आसपास ऊब लागते. ती नसली तर दाणा ओल्या मातीत पडून राहतो आणि कुजतो. पाटणच्या शेतातले खंड हे त्याचेच. नर्मदेच्या खोऱ्यातील काळी माती ओल धरून ठेवणारी, म्हणून थंडीत लवकर न तापणारी. त्या भागातील ‘हवेली’ पद्धतीत पावसाळाभर बांध घालून शेतात पाणी साठवतात आणि ऑक्टोबरात ते सोडून त्या ओलीवर गहू-हरभरा घेतात. गव्हा-हरभऱ्याला ती ओल वरदान आहे. गोड मक्याच्या सुरकुतलेल्या दाण्याला नाही.

आणि जांभळी पाने? थंड मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही. खत जमिनीत असते, पण झाडापर्यंत पोहोचत नाही. हवा तापली की नवी पाने आपोआप हिरवी येतात. डीएपीचे ते जादा पोते म्हणजे शुद्ध खर्च होता.

कधी पेरावे, कसे पेरावे

अल्बर्टात थंडी हंगामाच्या दोन्ही टोकांना असते, जबलपुरात ती मधोमध येते. म्हणून तिकडची युक्ती जशीच्या तशी उचलून चालत नाही. जबलपूरच्या शेतकऱ्याला दोन दारे आहेत. एक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उघडते, दुसरे जानेवारीअखेर.

पहिल्या दाराची गंमत काकांच्या वहीतून अशी दिसते. ऑक्टोबर 5 ची पेरणी 14 जानेवारीच्या सुमारास तयार होते. पंधराच दिवस उशीर करून 20 ऑक्टोबरला पेरा, तर कणसे 10 फेब्रुवारीला. पंधरा दिवसांची दिरंगाई सत्तावीस दिवसांना पडते. दुसऱ्या दाराशी याच्या उलट घडते. जानेवारीच्या 15 तारखेस घाईने पेरलेला मका 11 एप्रिलला येतो आणि निवांतपणे 1 फेब्रुवारीला पेरलेला 17 एप्रिलला. सतरा दिवस आधी पेरून पदरात पडतात सहा दिवस, आणि तेवढ्यासाठी बी थंड मातीत कुजण्याचा धोका पत्करायचा. मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडेही थांबू नये. मग तुरे एप्रिलच्या उन्हात सापडतात, पराग वाळतात आणि कणसे दातपडक्या माणसासारखी विरळ भरतात.

या दोन दारांच्या मध्ये पेरावेच लागले तर थोडी ऊब उसनी आणता येते. सरी-वरंबे पूर्व-पश्चिम काढून बी वरंब्याच्या दक्षिण उतारावर लावावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ती बाजू दिवसभर तापते. पंजाबात हिवाळी मका असाच लावतात. बी दोन-तीन सेंटिमीटरहून खोल घालू नये. वाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घातल्यास माती आणखी थोडी उबदार राहते. आणि अंगणातल्या किंवा अर्ध्या-पाऊण एकराच्या लागवडीला सर्वांत उपयुक्त म्हणजे रोपे. काका वर्तमानपत्राच्या कागदाचे पेले वळून त्यांत जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक बी टोकीत आणि गच्चीवर बांबूच्या कांबींवर ताणलेल्या प्लॅस्टिकखाली ठेवीत. दोन-तीन पाने आली की पेल्यासकट रोप वाफ्यात. मक्याची मुळे धक्का सोसत नाहीत, म्हणून कागद काढायचा नाही. या खटाटोपात त्यांचे आठ-दहा दिवस वाचत.

लावणी एका लांब ओळीत न करता चौकोनी गटात करावी. मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते. कणसाच्या प्रत्येक केसाला पराग मिळाला तरच त्याच्या टोकाचा दाणा भरतो. शेजारी साधा मका असेल तर दोहोंत अडीच-तीनशे मीटरांचे अंतर हवे, नाहीतर फुलोऱ्यात किमान पंधरा दिवसांचा फरक. साध्या मक्याचा पराग गोड मक्याच्या केसावर पडला की तो दाणा त्याच पिकात पिठूळ होतो. छिंदवाड्यासारख्या मक्याच्या जिल्ह्यात खरिपात हे अंतर राखणे अवघड. जबलपूरच्या रब्बीत भोवती गहू, हरभरा आणि वाटाणा, त्यामुळे ही काळजी बरीच कमी. थंडीचा हा एक फायदा. लष्करी अळी, जी 2018 मध्ये भारतात प्रथम आढळली आणि तेव्हापासून मक्याच्या मागे लागली आहे, तीही थंडीत मंदावते. फेब्रुवारीपासून मात्र दर दोन दिवसांनी पोंग्यात पाहावे.

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा चार अंशांकडे निघालेला, अशा रात्री दव गोठते. तिकडचे लोक त्याला ‘पाला’ म्हणतात. त्या संध्याकाळी शेताला हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवते. आधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे तज्ज्ञ अशा बाबतींत मार्गदर्शन करतात. 1964 मध्ये स्थापन झालेली ही संस्था शहरातच आहे. आमच्या खातेदारांपैकी पुष्कळांनी तिचे फाटक कधी ओलांडले नव्हते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटे.

तोडणी आणि तारीख

कणसाचे केस तपकिरी होऊन वाळले, टोकापर्यंत दाणे भरले आणि दाण्यात नख रुतवल्यावर दुधासारखा रस आला की तोडणी. पाण्यासारखा रस म्हणजे घाई, पिठासारखा म्हणजे उशीर. उन्हाळ्यात ही अवस्था चार-पाच दिवसांत निघून जाते. थंडीत ती आठवडाभर किंवा अधिक टिकते आणि तोडल्यावर साखरही सावकाश कमी होते. जुन्या गोड वाणांची कणसे 30 अंशांत ठेवली तर एका दिवसात जवळजवळ निम्मी साखर गमावतात. अतिगोड वाणे अधिक टिकतात, पण सकाळी तोडून, सावलीत ठेवून, त्याच दिवशी विकणे केव्हाही चांगले. म्हणजे गिऱ्हाईक आधी आणि पेरणी नंतर.

इथे बँकेचा संबंध येतो. पीककर्जाच्या परतफेडीची मुदत पीक हाती येण्याच्या व विकले जाण्याच्या काळाशी बांधलेली असते आणि ती पाळणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. प्रस्तावात ‘75 दिवस’ लिहिताना पेरणीची तारीखही पाहावी, असे मी त्यानंतर शाखेतील सहकाऱ्यांना सांगू लागलो. खातेदारांनीही दोन गोष्टी विचाराव्यात. एक, आपल्या पिकासाठी जिल्ह्यात कर्जाचे प्रमाण काय ठरले आहे. दुसरी, ते पीक विम्याच्या अधिसूचित यादीत आहे का. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत 2016 पासून शेतकऱ्याचा हप्ता रब्बीच्या अन्नधान्य व तेलबियांना विमा रकमेच्या दीड टक्का, तर वार्षिक व्यापारी व बागायती पिकांना पाच टक्क्यांपर्यंत आहे. गोड मका यादीत कोणत्या नावाने आहे किंवा मुळात आहे का, हे पेरणीपूर्वी कळलेले बरे.

पाटणच्या त्या खातेदारांना मी पुढच्या पावसाळ्यात काकांकडे घेऊन गेलो. दोघांत तासभर हिंदीतून चर्चा चालली. मला त्यात फारसे स्थान नव्हते. परिणाम असा झाला की धानाऐवजी एक एकर सोयाबीन घेऊन ते सप्टेंबरअखेर मोकळे करण्यात आले आणि तिथे 5 ऑक्टोबरला अर्धा एकर, 12 ऑक्टोबरला अर्धा एकर असा मका लागला. केटरर नवा शोधावा लागला, कारण जुना काही केल्या तयार होईना. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री त्यांचा शाखेच्या फोनवर नव्हे, माझ्या घरी फोन आला. पारा उतरतो आहे, पाणी सोडू का? मी काकांना हाक मारली.

संक्रांत उलटून दोन दिवस झाले असतील. सकाळी साडेआठला, शाखेचे शटर अर्धे वर असताना, ते दारात उभे होते. हातात दव पडलेली आठ कणसे होती. चार माझ्यासाठी आणि चार, त्यांनी स्पष्ट बजावले, वहीवाल्या काकांसाठी. गाडी पुढे केटररकडे गेली होती. काकांनी संध्याकाळी कणीस सोलले, नख रुतवून पाहिले आणि वहीत तारीख टाकली. त्यांचा हिशेब दोन दिवसांनी चुकला होता. त्याचे कारण शोधण्यात मग आमची पुढची अर्धी संध्याकाळ गेली.